विसाव्याचा दिवस कोणासाठी?



दहा आज्ञा आपण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केल्या. त्यांतील तिसरी आज्ञा प्रभूचा दिवस पवित्र पाळण्याची. ही आज्ञा आपल्याला सोपी वाटते. रविवारी मिस्साला गेलो की पाळली, नाही गेलो की मोडली. पापनिवेदनाच्या वेळीही या आज्ञेबाबत आपण बहुधा एवढेच सांगतो, की अमुक इतक्या मिस्सा चुकल्या. तेवढे सांगितले की या आज्ञेपुरता आपला हिशेब पूर्ण होतो.

परंतु ही आज्ञा बायबलमध्ये जिथे दिली आहे, ते दोन उतारे (निर्गम २०:८-११ आणि अनुवाद ५:१२-१५) घरी काढून सावकाश वाचावेत. तिथे मंदिरात जाण्याविषयी एक शब्दही सापडत नाही. तिथे काम आहे, विसावा आहे आणि घरात राबणाऱ्या दास-दासींचा, इतकेच काय बैलांचा आणि गाढवांचाही उल्लेख आहे. असे का? देवाने नियम दिले ते कशासाठी? प्रभू येशूने शब्बाथ मोडला, असे म्हणतात ते खरे का? आणि आपल्या रविवारचे काय? या प्रश्नांचा आज आपण थोडा विचार करू या.

गुलामांना मिळालेली सुट्टी

शब्बाथाची गोष्ट समजून घ्यायची तर सीनाय पर्वतावर जाण्याआधी मिसर देशातल्या वीटभट्टीवर जावे लागते. निर्गमच्या पाचव्या अध्यायात मोशे आणि अहरोन फारोकडे जातात आणि देवाचा सण पाळण्यासाठी आपल्या लोकांना तीन दिवस रानात जाऊ द्यावे, अशी विनंती करतात. फारोला ही विनंती म्हणजे आळशी लोकांची सबब वाटते. तो हुकूम सोडतो, की यापुढे विटांसाठी पेंढा मिळणार नाही. पेंढा ज्याचा त्याने गोळा करायचा, विटांची संख्या मात्र एकाने कमी होता कामा नये. संख्या भरली नाही तेव्हा इस्राएली मुकादमांच्या पाठीवर फटके बसले. ज्या राज्यात माणसाची किंमत विटांच्या संख्येवर ठरते, तिथे विसावा हा गुन्हा असतो.

पुढे देवाने या लोकांना सोडवले. रानात त्यांना भूक लागली तेव्हा मान्ना दिला. सहा दिवस रोजच्यापुरता गोळा करायचा. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट मिळे, कारण सातव्या दिवशी काही मिळणार नव्हते (निर्गम १६). तरीही काही जण सातव्या दिवशी टोपली घेऊन बाहेर पडलेच आणि रिकाम्या हाताने परतले. पिढ्यान्‌पिढ्या गुलामीत काढलेल्या माणसाला थांबण्याचीही सवय करावी लागते.

या गोष्टीतला एक बारकावा आपण लक्षात ठेवू या, पुढे तो उपयोगी पडेल. देवाने लोकांना थांबायला सांगण्याआधी त्या दिवसाच्या भाकरीची सोय केली. आजच्या भाषेत सांगायचे तर ती भरपगारी सुट्टी होती.

आता आज्ञेचे दोन उतारे शेजारी ठेवून पाहू. निर्गमच्या ग्रंथात कारण दिले आहे ते सृष्टीचे : देवाने सहा दिवसांत जग निर्माण केले आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवादच्या ग्रंथात कारण वेगळे आहे. तुम्ही मिसरात गुलाम होता आणि देवाने तुम्हाला बाहेर काढले, याची आठवण ठेवा. म्हणून तुमचा मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव आणि तुमच्या गावात राहणारा उपरा यांपैकी कोणालाही त्या दिवशी कामाला लावू नका. आपल्या दासाला आणि दासीला आपल्यासारखाच विसावा मिळावा, हा हेतू तिथे स्पष्ट शब्दांत सांगितला आहे.

म्हणजे ही आज्ञा घरातल्या कर्त्या माणसाला उद्देशून आहे. ज्याच्या शब्दावर दुसरा माणूस कामाला लागतो, त्याला ती सांगितली आहे. तू थांब, आणि तुझ्यामुळे ज्यांना राबावे लागते त्यांनाही थांबू दे, असा तिचा अर्थ. या यादीत पत्नीचे नाव वेगळे दिलेले नाही. ती घरधन्याच्या बरोबरीचीच धरली आहे, असे काही अभ्यासक समजतात. ते काही असो, आपल्या घरी ही यादी वाचताना आपण तिचे नाव त्यात आवर्जून घालावे.

कुंपण कशासाठी?

आपल्यातील जे शेती-वाडी करतात त्यांना कुंपणाचे महत्त्व सांगायला नको. कुंपण नसेल तर गुरे पीक फस्त करतात. पण कुंपण कितीही भक्कम घातले आणि आत काही पेरलेच नाही, तर त्या कुंपणाचा उपयोग काय? देवाचे नियम असेच आहेत. ते जीवनाभोवती घातलेले कुंपण आहे. ज्याचे पीक सहज तुडवले जाईल अशा दुबळ्या माणसाचे रक्षण त्यामुळे होते.

हा प्रश्न यहुदी लोकांनाही पडला होता, आणि एकदा तर रणांगणावर पडला. आपल्या कॅथोलिक बायबलमध्ये मक्काबीचा पहिला ग्रंथ आहे. त्याच्या दुसऱ्या अध्यायात राजा अंतियोखाच्या छळामुळे रानात लपलेल्या लोकांची हकीकत येते. सैनिकांनी शब्बाथाच्या दिवशी त्यांच्यावर हल्ला केला. आज्ञा मोडू नये म्हणून त्यांनी साधा दगडही उगारला नाही. बायकामुले धरून सुमारे हजार माणसे मेली. ही बातमी ऐकून मत्ताथिया आणि त्याचे सोबती शोकाकुल झाले, आणि त्यांनी विचारपूर्वक ठरवले, की शब्बाथाच्या दिवशीही कोणी आपल्यावर चालून आले तर आपण जीव वाचवण्यासाठी लढायचे. मेलेल्यांच्या निष्ठेला त्यांनी नावे ठेवली नाहीत. पण नियम जगण्यासाठी दिला आहे, हेही त्यांनी ओळखले. पुढे यहुदी गुरूंनीही शिकवले, की जीव धोक्यात असेल तर शब्बाथाचे बंधन बाजूला ठेवावे. म्हणून यहुदी धर्म म्हणजे कोरडे नियम आणि ख्रिस्ती धर्म म्हणजे प्रेम, अशी सरधोपट मांडणी आपण करू नये. ती अन्यायाची आहे.

संत पौल गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात (३:२४) नियमशास्त्राला मुलाच्या रक्षकाची उपमा देतो. त्या काळी सुखवस्तू घरांत एक दास मुलाचा हात धरून त्याला शाळेत पोहोचवत असे. वाटेत तो मुलाला सांभाळी, प्रसंगी दटावी. परंतु त्याचे काम मुलाला गुरूपाशी नेण्याचे. नियम आपला हात धरून आपल्याला ख्रिस्तापाशी नेतो. गुरू भेटल्यावर वाटेत शिकलेली शिस्त कोणी फेकून देत नाही, पण वाटेलाच शाळा समजून तिथे बसूनही राहत नाही.

प्रभू येशू आणि शब्बाथ

शब्बाथाच्या दिवशी सभास्थानात जाण्याचा येशूचा परिपाठ होता, असे संत लूक सांगतो (४:१६). त्याने शब्बाथ टाकून दिला नाही. मग वाद कशावरून झाला?

मार्कच्या शुभवर्तमानात (२:२३ ते ३:६) दोन प्रसंग पाठोपाठ येतात. पहिल्यात भुकेले शिष्य शेतातून जाताना कणसे मोडतात. दुसऱ्याच्या शेतातली कणसे हाताने मोडून खाण्याची मुभा नियमशास्त्रातच होती (अनुवाद २३:२५), तेव्हा आरोप चोरीचा नव्हता. आरोप शब्बाथाच्या दिवशी कापणी केल्याचा होता. येशू परुश्यांना दाविदाची आठवण देतो. दावीद आणि त्याचे सोबती भुकेले असताना त्यांनी याजकांसाठी राखलेली भाकर खाल्ली होती. मग तो मूळ मुद्दा सांगतो : हा दिवस माणसाकरिता नेमला गेला, या दिवसाकरिता माणूस घडवला गेला नाही.

दुसऱ्या प्रसंगात सभास्थानात हात वाळलेला एक मनुष्य आहे. त्याच्या जिवाला धोका नव्हता. इतके दिवस काढले, आणखी एक दिवस तो थांबू शकला असता. मग येशूने त्याला त्याच दिवशी का बरे केले?

याचे उत्तर लूकच्या तेराव्या अध्यायात मिळते. तिथे अठरा वर्षे कंबरेत वाकलेली एक स्त्री आहे. सभास्थानाचा अधिकारी रागावून लोकांना बजावतो, की कामाचे सहा दिवस आहेत, त्या दिवशी या आणि बरे होऊन जा. येशू त्याला विचारतो, की तुम्ही शब्बाथाच्या दिवशी आपला बैल किंवा गाढव सोडून पाण्यावर नेता ना? मग ही तर अब्राहामाची कन्या, अठरा वर्षे बांधलेली. हिला या दिवशी बंधनातून सोडवू नये काय? शब्बाथ हा मुळात गुलामांच्या सुटकेचा दिवस. सुटकेच्या दिवशी सुटका करणे हेच त्या दिवसाचे खरे पालन. येशूने शब्बाथ मोडला नाही. धुळीखाली दडलेला त्याचा मूळ अर्थ त्याने वर काढला.

मार्कने या प्रसंगाच्या शेवटी एक बोचरी नोंद केली आहे. बरे करणे त्या दिवशी चालत नव्हते, पण त्याच परुश्यांनी बाहेर पडताच हेरोदी लोकांबरोबर येशूच्या घाताची मसलत केली. नियम काटेकोर पाळणाऱ्याच्या मनातूनही दया निघून जाऊ शकते. हा इशारा चर्चच्या पहिल्या बाकावर बसणाऱ्या आपल्यासारख्यांसाठीच आहे.

शनिवारऐवजी रविवार

प्रभू येशू आठवड्याच्या पहिल्या दिवशी मेलेल्यांतून उठला. म्हणून आरंभीचे ख्रिस्ती लोक त्या दिवशी भाकर मोडण्यासाठी जमू लागले. पण रोमन साम्राज्यात रविवार हा इतर दिवसांसारखाच कामाचा दिवस होता. प्रेषितांच्या कृत्यांच्या विसाव्या अध्यायात त्रोवस येथील सभा मध्यरात्र उलटेपर्यंत चालते आणि युतुख नावाचा तरुण खिडकीत बसल्या बसल्या डुलकी लागून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडतो. आपण त्याला हसतो. पण दिवसाचे कष्ट उरकून रात्री सभेला येणाऱ्या लोकांचे ते जग होते.

इ. स. १५५ च्या सुमारास रोममध्ये संत जस्टिन यांनी रविवारच्या सभेचे वर्णन लिहून ठेवले आहे. शहरातले आणि खेड्यातले लोक एकत्र येत. प्रेषितांचे आणि संदेष्ट्यांचे लेखन वाचले जाई, उपदेश होई, भाकर आणि द्राक्षरस यांवर उपकारस्तुती होई. जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे सेवक ख्रिस्तप्रसाद पोहोचवत. ऐपतदार लोक यथाशक्ति दान देत आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परके यांना मदत केली जाई. गैरहजर राहिलेल्याचे नाव काळ्या यादीत घालण्याऐवजी त्याच्या घरी प्रसाद नेणारी ती मंडळी होती.

इ. स. ३०४ मध्ये उत्तर आफ्रिकेतील अबितिना येथील ४९ ख्रिस्ती लोकांना सम्राटाची बंदी मोडून रविवारची उपासना केल्याबद्दल पकडण्यात आले. या उपासनेविना आम्ही जगू शकत नाही, अशा अर्थाचे उत्तर देऊन त्यांनी मरण पत्करले. रविवारी सुट्टी देणारा सम्राट कॉन्स्टंटाईनचा कायदा त्यानंतर, इ. स. ३२१ मध्ये आला. म्हणजे जवळजवळ तीनशे वर्षे ख्रिस्ती लोकांपाशी उपासना होती, सुट्टी नव्हती. आज आपल्यापैकी पुष्कळांपाशी सुट्टी आहे.

मुंबईच्या कामगारांचा रविवार

आपल्या महाराष्ट्रात तरी रविवारची सुट्टी सगळ्यांना आपोआप मिळाली, असे समजू नये. साहेबाच्या कचेऱ्या रविवारी बंद असत, पण मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांना आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांची सभा घेऊन ही मागणी पुढे आणली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मी येथे सुमारे दहा हजार कामगार जमले. स्त्री कामगारांनीही तिथे भाषणे केली. शेवटी १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, हेही लोखंडे यांनी मागणीच्या समर्थनार्थ मांडले होते.

त्यानंतर वर्षभराच्या आत, १५ मे १८९१ रोजी, पोप तेरावे लिओ यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक काढले. कामगाराला रविवारचा विसावा मिळालाच पाहिजे, असे त्यात निक्षून सांगितले आहे. मुंबईचा सत्यशोधक पुढारी आणि रोमचे पोप यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. पण राबणाऱ्या माणसाची पाठ दोघांनीही पाहिली होती. फारोला जे दिसले नाही ते त्यांना दिसले.

आपला रविवार

रविवारी मिस्सात सहभागी होणे हे कॅथोलिक माणसाचे गंभीर कर्तव्य आहे, ते टाळता येत नाही. देव मनात आहे, चर्चमध्ये कशाला जायचे, असे म्हणणारे अबितिनाच्या हुतात्म्यांना काय उत्तर देतील? उपासना वगळली की रविवार खरेदीचा आणि झोपेचा दिवस होतो. आमोस संदेष्ट्याच्या काळातही शब्बाथ कधी संपतो आणि खोट्या मापाने धान्य विकायला कधी बसतो, याची वाट पाहणारे व्यापारी होतेच (आमोस ८:५).

परंतु चर्चचा कायदा आईच्या हाताने लिहिलेला आहे, हेही आपण जाणून घ्यावे. आजारी माणूस, तान्ह्या बाळाची आई, रुग्णाच्या उशाशी बसलेली मुलगी, ड्यूटीवरची नर्स, पोलीस, लोकलचा मोटरमन हे रविवारी मिस्साला येऊ शकले नाहीत तर ते पाप ठरत नाही. कारखान्यांत पाळीने काम करणाऱ्यांची अडचण ओळखून पोप बारावे पायस यांनी १९५३ साली सायंकाळच्या मिस्साला वाट करून दिली. १९८३ च्या धर्मकायद्यानुसार शनिवारी सायंकाळच्या मिस्सानेही कर्तव्य पूर्ण होते (कलम १२४८). याच कायद्याचे शेवटचे कलम (१७५२) सांगते, की आत्म्यांचे तारण हाच सर्वश्रेष्ठ नियम होय.

आता थोडे टोचणारे बोलू. कलम १२४७ नुसार उपासनेला आणि त्या दिवसाच्या आनंदाला व विश्रांतीला बाधा आणणारी कामे आपण टाळायची. कॅथोलिक चर्चच्या धर्मशिकवणीच्या ग्रंथात (परिच्छेद २१८७) त्यापुढचे पाऊल आहे : दुसऱ्याला प्रभूचा दिवस पाळता येणार नाही, अशी अनावश्यक कामे आपण त्याच्यावर लादू नयेत. पापनिवेदनात आपण चुकलेल्या मिस्सा मोजतो. आपल्यामुळे दुसऱ्याचा रविवार किती वेळा बुडाला, हे आपण कधी मोजले आहे काय?

घरात भांडी घासणाऱ्या बाईला आठवड्यातून एक दिवस सुट्टी आहे का? पुष्कळ घरांत उलट रविवारीच पाहुणे असतात आणि तिचे काम दुप्पट होते. ती ख्रिस्ती नसेल, तिला रविवारऐवजी दुसरा वार हवा असेल. आज्ञेतल्या उपऱ्याला विसावा देताना त्याचा धर्म विचारला नव्हता. तिलाच विचारावे आणि तो दिवस तिला द्यावा. आणि सुट्टी दिली पण पैसे कापले, तर तिच्या दृष्टीने तो उपासाचा दिवस झाला. देवाने मान्ना आदल्या दिवशी दुप्पट दिला होता, हे इथे आठवावे.

दुकानातला पोऱ्या, सोसायटीचा वॉचमन, लग्नाच्या हॉलमध्ये रात्री दोनपर्यंत ताटे उचलणारी केटररची मुले, मोबाईलवर बोट दाबताच दहा मिनिटांत सामान घेऊन धावत येणारा तरुण, या सगळ्यांचा रविवार अंशतः आपल्या हातात आहे. सगळेच काही आपल्याला बदलता येणार नाही. पण जे सामान शनिवारी आणता येते ते रविवारी भर दुपारी मागवायलाच हवे का, एवढे तरी ठरवता येते.

आणि घरातली आई? सकाळी पहिल्या मिस्साला जाऊन आल्यापासून ती ओट्याशी उभी असते. बाकीचे टीव्हीसमोर प्रभूचा दिवस पाळत असतात. मटण तिने शिजवायचे, ताटे तिनेच उचलायची, आणि दुपारी चार वाजता पुन्हा चहाही तिनेच टाकायचा. कंबरेत वाकलेली ती अठरा वर्षांची दुखणाईत फक्त शुभवर्तमानातच आहे, असे नाही.

नियम पाळायचा की नाही, असा प्रश्न विचारण्याआधी हा नियम कोणाला जपण्यासाठी दिला आहे, असा प्रश्न आपण विचारू या. मग नियम पाळावा कसा, हेही कळू लागते. रविवारी वेदीभोवती आपण सगळे एका भाकरीचे भागीदार होतो. तिथून घरी परतताना त्या दिवसाचा विसावाही वाटून घ्यायचा असतो.

कुटुंबात चर्चा करण्यासाठी प्रश्न

१. अनुवाद ५:१२-१५ हा उतारा मोठ्याने वाचा. त्यातील यादीत आपल्या घराशी संबंधित कोणकोणती नावे घालावी लागतील?

२. येत्या रविवारी घरातले कोणते काम दुसऱ्या कोणी करायचे, ते आजच ठरवा.

३. आपल्या धर्मग्रामात कामामुळे वा आजारपणामुळे मिस्साला येऊ न शकणारे कोण आहेत? त्यांच्याकडे या आठवड्यात कोण जाईल?

प्रार्थना

हे प्रभू, तू आमच्या पूर्वजांना गुलामीतून सोडवलेस आणि विसाव्याचा दिवस दिलास. तुझ्या वेदीपाशी येण्याची ओढ आमच्या मनात जागती ठेव. आमच्यासाठी राबणाऱ्यांची पाठ आम्हाला दिसू दे. आमच्या हातून कोणाचा रविवार हिरावला जाऊ नये, एवढी कृपा आमच्यावर कर. आमेन.